भोंगा कुजबुजला तेव्हा

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या गड्याला सगळे भोंगा म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यानं कान दुखल्यावरच ठेवलं असणार. घरी जेवताना त्यानं बायकोकडं मीठ मागितलं, तर शेजारीण मीठ घेऊन यायची.

पण नुसत्या आवाजावर लिलाव होत नाही. घेणाऱ्याला दम घेऊ द्यायचा नाही, ही त्याची खरी विद्या. शेजाऱ्याशी बोलू द्यायचं नाही, टोमॅटो दाबून बघू द्यायचा नाही. “गेला, गेला, हा बघ हातातनं गेला!” करत त्याला पळवायचं. त्याला विचार करायला सवड मिळाली, की बोली बसलीच म्हणून समजा.

एका दुपारी तो बाजार उरकून घरी आला, तर दाराला आतून कडी. आणि आत पुरुषाचा आवाज!

भोंग्याच्या डोक्यात नको ते आलं. त्यानं दाराला कान लावला. आतला बाप्या दरडावत होता, “फोन ठेवायचा नाही. नवऱ्याला सांगायचं नाही. उशीर केलात तर गाडी दारात येईल. चला, चला, लवकर!”

भोंग्यानं कान आणखी दाबला. ही तर त्याचीच पुकार! टोमॅटोच्या जागी बायको होती, एवढाच फरक.

त्यानं दारावर थाप मारली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. बायको ओठावर बोट ठेवून उभी, चेहरा पांढराफटक. शिलाई मशीनवर फोन मोठ्यानं बोलत होता. तिनं फोनवर उशी दाबली, त्याला दाराबाहेर ओढलं आणि कानात सांगितलं, “तपास अधिकारी आहेत. माझ्या नावाच्या पार्सलात नशेचा माल सापडलाय म्हणे. पैसे तपासायला त्यांच्या खात्यात टाकायचे, मग परत मिळतात.”

“तू पार्सल पाठवलंस?”

“मी कुठं पाठवतेय!”

“मग? अगं, हा अधिकारी नाही, आपल्या धंद्यातला आहे. टाकलेस का पैसे?”

“अर्धे,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. “गाळ्याचे.”

बाजाराच्या तोंडाशी शिवणकामाचा गाळा घ्यायचा, हे तिचं कितीतरी वर्षांचं वेड. त्या पैशाला भोंग्यानं कधी हात लावला नव्हता. लावायची हिंमतही नव्हती.

“ऊठ. शेजारच्या नर्सबाईचा फोन घे. आधी बँकेला लाव, मग फसवणुकीची तक्रार घेतात त्या नंबरला. आत्ताच्या आत्ता.”

“मी नाही. सगळी गल्ली हसेल हो मला.”

“हसू दे की! पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत सांगितलं तर अडकतात. पळ!”

ती अनवाणीच धावली. भोंग्यानं आत जाऊन उशी काढली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. तो कुजबुजला.

“साहेब... मी तिचा नवरा. ती चक्कर येऊन पडलीय. तुम्ही म्हणाल ते देतो, पण गाडी पाठवू नका.”

पलीकडनं हुकूम आला, “उरलेली रक्कम टाका.”

“टाकतो. पण साहेब, माझी मुदतठेव आहे. तीपण तपासावी लागेल का?”

पलीकडचा श्वास बदलला. बोलीवर आलेल्या माणसाचा श्वास भोंगा झोपेतही ओळखायचा.

“लागेल. मोडा.”

“आणि टेम्पो? तो विकला तर?”

“तेही सांगा.”

“सासूबाईंच्या बांगड्या आहेत. म्हातारी देत नाही, पण तुमचं नाव सांगितलं तर देईल.”

“द्यायलाच लागतील तिला!” साहेब आता खुर्चीवरनं उठलेला वाटत होता.

“खातं तेच ना साहेब?”

“नाही, हे दुसरं. लिहून घ्या.”

भोंग्यानं कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि पसरलेल्या अस्तरावर नंबर लिहिला. मुद्दाम चुकीचा वाचून दाखवला. साहेब चिडला, पुन्हा सांगितला. भोंग्यानं पुन्हा शेवटचा आकडा खाल्ला.

“ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“भीतीनं कान बसलेत साहेब.”

तेवढ्यात बायको दारात आली. नर्सबाईचा फोन कानाला, मागं खुद्द नर्सबाई. भोंग्यानं अस्तर तिच्याकडं भिरकावलं. ती उंबऱ्यावरच नंबर वाचायला लागली. आधी हळू, मग खणखणीत. “हो, माझीच फसवणूक झालीय. माझीच! लिहा.” गल्ली, हसू, सगळं विसरली होती बाई.

इकडं फोन घेऊन कोपऱ्यात गेलेला भोंगा रंगात आला होता. बांगड्यांनंतर त्यानं भावाचं घर काढलं, घरानंतर नसलेली विहीर. पलीकडचा प्रत्येक वस्तूला “बरं, आणखी?” म्हणत होता.

“अहो!” बायको जवळ येऊन, फोनवर उशी दाबून ओरडली. “अडवले! पैसे पहिल्या खात्यातच अडवलेत! आज ठाण्यावर लेखी तक्रार द्यायची, मग परत मिळवायची खटपट करता येईल म्हणाले. ठेवा तो फोन!”

भोंग्यानं हातानंच तिला थोपवलं.

“थांब गं जरा, अजून चढतोय!”

तिनं फोन हिसकावून घेतला आणि साहेबाला जे सुनावलं, ते ऐकून नर्सबाईनं कानावर हात ठेवले. पलीकडनं फोन कट झाला.

“ठेवला मेल्यानं,” ती म्हणाली आणि खडूनं लिहिलेलं अस्तर नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. “चला ठाण्यावर. आणि तिथं तुम्ही गप बसायचं. सगळं मी सांगणार.”