गावाने उचललेली हाक

वडील नगराध्यक्ष झाले त्या दिवशी मी ओट्यावरून त्यांना हाक मारली आणि ती हाक गावाने उचलली.

नगरपालिकेच्या मेंबरांनी हात वर करून त्यांना निवडलं होतं. लोक त्यांना गुलालात बुडवून गंजगोलाईच्या बाजारपेठेतून लातूरच्या आमच्या घरापर्यंत घेऊन आले. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. सगळे चेहरे सारखेच लाल, त्यात आपला कोणता ते कळेना, म्हणून मी ओरडले, "बप्पा!"

आमच्या भागात बापाला बप्पा म्हणणारी घरं पुष्कळ. पण माझे वडील गावाला आधी वकीलसाब होते, मग मेंबरसाब झाले. बप्पा ते फक्त मला होते. मी एकुलती एक. ओट्याशी उभा असलेला एक हमाल हसला. "लेक काय म्हणती ऐकलं का? बप्पा म्हणती." त्यानं माझ्यासारखा बारीक आवाज काढून हाक दिली. मागच्यांनी ती धरली. तेव्हा कुठे वडिलांनी मान वळवली. माझ्या हाकेला नाही, त्यांच्या.

दुसऱ्या दिवसापासून दारात तेच. "बप्पा हायत का?" "बप्पाला सांगा, गटार तुंबलीय." मी आतून हाक मारली की बैठकीतले दोघे-तिघे वडिलांच्या आधी "ओ" देत आणि हसत. त्यांच्या मते ती मुलीची गंमत होती. मी हाक मारणंच सोडून दिलं. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायची, त्यांचं लक्ष जाईपर्यंत. कधी ते जायचं, कधी मीच परत फिरायची.

त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं काम नळाचं. गावात पाणी फिरू लागलं, पण आमची गल्ली त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली. "अध्यक्षाच्या घरापासून सुरुवात केली तर लोक काय म्हणतील?" असं ते जेवताना म्हणाले.

"लोकांचं जाऊ द्या," आई भाकरी वाढत म्हणाली. "माझा खांदा काय म्हणतो ते विचारा कधी."

तोवर आई आणि मी बाजारामागच्या वस्तीतल्या नळावर जात होतो. एकदा आईला बरं नव्हतं, मी एकटीच कळशी घेऊन गेले. रांगेतल्या एका बाईनं माझी कळशी मागे सरकवली. "तू कुठली गं? ह्यो नळ आमच्या वस्तीचा हाय. बप्पानं दिलाय आम्हाला."

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

"हाव, वडील असतील तुझे. बप्पा आमचे हायत." सगळ्या बायका हसल्या. मग तिनंच माझी कळशी भरून दिली, डोक्यावर चुंबळ नीट बसवली, गालावरून हात फिरवला. सगळी वाट मी त्या बाईचा राग करत आले. तिनं पाणी दिलं नसतं तर बरं झालं असतं, निदान राग पुरा करता आला असता.

पुढे त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. सोबतचेच मेंबर फुटले. आई देवापुढे बसून होती आणि मला मात्र वाटत होतं, आता हे घरी येतील. ते आले. त्यांच्यामागून बैठकीत लोकही आले, पूर्वीपेक्षा जास्त, आणि हळहळत बसले. अध्यक्षपद गेलं, पुढे मेंबरकी गेली, शब्द तेवढा गावाकडेच राहिला.

नोकरीसाठी मी नांदेडला आले आणि इथंच राहिले. आई गेल्यावर वडिलांना इकडे आणलं. इथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. मला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता. संध्याकाळी मी वाचायची, ते ऐकायचे. उशिरा का होईना, पण वडील आपण पुरते मिळवले, असं वाटू लागलं.

मग एका सकाळी दूधवाला फाटकातून म्हणाला, "ताई, बप्पा उठले का? नळाची दरखास्त लिहून देतो म्हणले होते." कॉलनीत पाणी कमी दाबानं येत होतं. अर्जाला दरखास्त म्हणणारा आमच्या घरात एकच माणूस होता. तो शब्दही बाहेर पोचला होता.

मी आत येऊन विचारलं, "या लोकांना बप्पा म्हणायला कुणी शिकवलं?"

"मीच सांगितलं."

"इथं तरी कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "घरात कुणी म्हणत नाही. कानाला सवय आहे."

मी उभीच राहिले. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात फाटकातून कुणीतरी हाक दिली, "बप्पा, कागद आणलाय." आणि ते "ओ" म्हणत उठले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. लातूरहून माणसं आली, वस्तीतली, बाजारातली, ज्यांचे बापही आता नाहीत अशी. प्रत्येकाचं वाक्य 'आमचे बप्पा' असं सुरू व्हायचं. मी एकेकाचं रडणं माझ्या रडण्याशी ताडून पाहत होते. काहींचं खरोखर जास्त होतं. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत मला विचारलं, "तुम्ही बप्पाच्या कोण?"

"लेक."

"अस्सं," तो म्हणाला. "लई जीव लावला हो त्यांनी आम्हाला." मग माझं सांत्वन करायचं सोडून तोच रडू लागला आणि मी त्याला पाणी आणून दिलं.

कॉलनीत माझ्या घराला अजून बप्पाचं घर म्हणतात. नळाला पाणी बरं येतं. घरात मी एकटी असते.