झिजलेली खाच

मिस्त्रींना गावात सगळे ‘इंजिनियर’ म्हणत. कॉलेजात ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही तिथल्या बागेचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायला. पण यंत्र बिघडलं की लोक खऱ्या इंजिनियरला फोन करत आणि तो येईपर्यंत मिस्त्रींना बोलावत. तो येऊन पोचायचा तेव्हा मिस्त्रींचे हात धुऊन झालेले असत.

त्यांच्या धाकट्या भावाला लोक ‘साडेसात’ म्हणत. उजव्या हाताची अडीच बोटं नव्हती, म्हणून बाकी राहिली साडेसात. लोकांचा विनोद असाच असतो, त्याला दाढी करायला सांगितली तर गळा कापतो. साडेसात मात्र स्वतःच हात पुढे करून म्हणायचा, “माझ्याकडून हिशेब करून घेऊ नका, दहापर्यंत पोचायला मला पाय लागतात.” सगळे हसायचे. मिस्त्री त्या वेळी हटकून काहीतरी शोधायला खाली वाकलेले असायचे.

शेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघं भाऊ घोड्यांचं गवतकापणी यंत्र घेऊन कुरणं कापून द्यायचे. थोरला लोखंडी बैठकीवर, धाकटा बाजूने चालत. बाजूला जमिनीलगत चार हात लांब पट्टी, तिच्यात त्रिकोणी पाती, आणि चाक फिरलं की ती पाती कात्रीसारखी इकडून तिकडे धावायची. ओलं गवत पट्टीत अडकलं की थांबायचं. बैठकीवरच्याने दांडा ओढून खाचेत अडकवायचा, म्हणजे चाक आणि पाती यांचा संबंध तुटायचा. मग त्याने ओरडायचं, “सुटलं!” आणि तो शब्द ऐकूनच खालच्याने हात घालायचा. आधी दांडा, मग शब्द. सगळ्या कुरणांत हाच नेम होता.

त्या दिवशी सकाळपासून साठएक वेळा थांबून झालं होतं. एकसष्टाव्या वेळी थोरल्याचं तोंड हाताच्या पुढे गेलं. शब्द बाहेर पडला, दांडा तिथेच राहिला. एका घोड्याला माशी चावली आणि तो पाऊलभर पुढे सरकला. फक्त पाऊलभर.

धाकट्याचं पुढच्याच महिन्यात घड्याळजीकडे शिकायला जायचं ठरलं होतं. ते राहिलं. शाळेत शिपायाची नोकरी लागली आणि तीस वर्षं त्याने घंटा वाजवली. “वेळेच्याच धंद्यात आहे मी,” म्हणायचा, “फक्त बारीक काम सुटलं.”

दवाखान्यात मिस्त्रींनी सांगितलं होतं, “खाच झिजली होती रे. दांडा निसटला.” मग तेच वडिलांना, शेजाऱ्यांना, बायकोला सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की पुढे त्यांची त्यांनाच ती झिजलेली आठवू लागली. यंत्र शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं. धाकट्याच्या घरचा नळ मात्र गळायच्या आधीच दुरुस्त व्हायचा. “भाऊजी, आमच्या दाराची कडी तुम्ही चौथ्यांदा बदलताय,” भावजय म्हणायची, “चोर येऊन येऊन कंटाळतील.”

आणि आता संग्रहालयाच्या बाई आल्या. जुनी कापणीयंत्रं त्या जमवत होत्या. उद्घाटनाला हे यंत्र घोडे जुंपून चालवायचं, शेजारी त्याच्या माहितीचा फलक लावायचा, असा त्यांचा बेत होता. खाचेची गोष्ट मिस्त्रींनी त्यांनाही सांगितली.

“मिस्त्रीकाका, त्या झिजलेल्या खाचेचा फोटो फलकावर हवाच,” त्या म्हणाल्या. “यंत्राचा दोष हाही त्याचा इतिहास. परवा येते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी दांडा अडकायच्या खाचेचा तुकडा खोलला, शेचाळीस वर्षांचं वंगण खरवडलं, रॉकेलने धुतलं आणि उजेडात धरला. खाच जशी कारखान्यातून आली होती तशीच होती. कडा इतक्या धारदार की नख अडकावं.

ते स्टुलावर बसले. परवा म्हणजे उद्या. बाई फोटो काढणार, फलक लागणार, भाऊ तो वाचायला येणार. भावाची नजर घड्याळजीची.

मग त्यांनी गोल कानस उचलली.

काम त्यांनी चोख केलं, तसं करायची त्यांना सवयच होती. कडा घासून काढल्या, उतार दिला, दांडा घसरावा इतपत. वर तेलात मिसळलेली काजळी चोळायची तेवढी राहिली होती, तोच दारात साडेसात उभा.

“काय दादा, सापडली का आपली खलनायिका?”

“ही बघ,” मिस्त्री म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “झिजलीय बघ कशी.”

साडेसातने तुकडा घेतला. उरलेल्या अर्ध्या बोटाने खाच चाचपली.

“गरम आहे,” तो म्हणाला.

मिस्त्रींच्या पायाशी लोखंडाचा कीस चमकत होता.

“हे लोकांसमोर चालवणार ना तुम्ही? आता मात्र निसटेल हं दादा. भरून घे.”

“तुला... तुला कधीपासून माहीत होतं?”

“दवाखान्यात. पहिल्या दिवशी म्हणालास खाच झिजली, मी म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालास. तिसऱ्या दिवशी मी झोपलोय असं समजून नर्सला सांगत होतास. खरं असतं तर एकदाच सांगितलं असतंस.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“रागावलो नव्हतो. दिवसभर तेच तेच बोलून तोंड चुकतं माणसाचं, मी सुटीच्या दिवशी नाही का घंटा दिली?” साडेसात हसला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. “तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”

“सांगतो. बस. आत्ता सांगतो,” मिस्त्री घाईने उठले. स्टूल पडलं. “त्या दिवशी मी—”

“आता काय सांगतोस, दादा? आता मीच सांगितलं.”

त्याने तुकडा हळूच टेबलावर ठेवला, जसं एखाद्याचं घड्याळ त्याला परत द्यावं, आणि तो गेला. चिडून नाही. चपला नीट घालून, दार ओढून घेऊन.

मिस्त्रींनी वेल्डिंगचा चष्मा लावला. इतक्या बारीक कामाला तुकडा कुणालातरी चिमट्याने फिरवत धरावा लागतो. व्हाइसमध्ये आवळून त्यांनी एकट्यानेच खाच भरली. ती वाकडी भरली गेली. त्यांनी तो भराव ठोकून काढला, आणि खाच पुन्हा भरायला घेतली.