साखरखेर्ड्याच्या धुतलेल्या पिशव्या

मलकापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा माझा उजवा हात मनगटापर्यंत निळा झाला होता. शाईच्या नमुन्याचा डबा पिशवीत आडवा ठेवला, हा गाढवपणा माझाच. नळावर साबणाशी बरीच झटापट केली. वडी निळी झाली, हात होता तसाच राहिला. शेजारी चूळ भरणारे एक धोतरवाले गृहस्थ धोतर सावरून दोन पावलं मागे सरले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट बरंच वाटलं. मी मुंबईच्या एका शाईच्या कंपनीत तपासनीस होतो, आणि साखरखेर्ड्याच्या एका बियाणंवाल्यानं लिहिलं होतं की तुमची शाई प्लास्टिकच्या पिशवीवर टिकत नाही. माझ्या हातावर तर ती जन्मभर टिकेल अशी लक्षणं दिसत होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. प्लास्टिकच्या पिशव्या खेड्यापाड्यांत नुकत्याच पोचू लागल्या होत्या. निघताना साहेबांनी बजावलं होतं, "शाईचा दोष नाही, एवढं लेखी घेऊन या." निकाल आधी आणि चौकशी मग, असा आमच्याकडे शिरस्ताच होता.

एस.टी. मोताळा मागे टाकून राजूरच्या घाटाला लागली तशी हवा बदलली. बुलढाण्याला गार वारा होता. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी आणि हिरवी ज्वारी. चिखलीला गाडी बदलली. नव्या गाडीच्या कंडक्टरनं तिकीट माझ्या निळ्या हातात ठेवलं आणि हात तसाच धरून पाहिला.

"इलेक्शन तर कवाच होऊन गेलं, साहेब. तुमी किती मतं देऊन राह्यले?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. साखरखेर्डा येईपर्यंत मला तीन जणांनी कुणाला निवडून आणलं ते विचारलं.

तक्रारीचं पत्र लिहिणारे नामदेवराव स्टँडवर घ्यायला आले होते. चाळिशीचे, उंच, बोलायला घाईचे. घरी पोचेपर्यंत त्यांनी सगळी कथा सांगून टाकली. भाजीपाल्याचं बी धरणं हा घरचा धंदा. त्यांची थोरली बहीण अनसूयाबाई नवरा गेल्यावर माहेरी आली आणि कांद्याचं बी तिनं हाती घेतलं. दोन जाती, एक पांढरी, एक लाल. दोन्हींचे डेंगळे (बी धरणारे कांद्याचे दांडे) ती ओढ्याच्या दोन तीरांना लांब-लांब लावते, कारण मधमाश्या काही जात पाहून बसत नाहीत. पांढऱ्या कांद्यासाठी तिचं नाव पार बीबी गावच्या बाजारापर्यंत होतं. पूर्वी बी कापडाच्या पुरचुंडीत जायचं. यंदा नामदेवरावांनी हौसेनं कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या मागवल्या आणि आमची शाई व रबरी ठसा आणून घरीच नाव छापायला सुरुवात केली.

"बीबीच्या बाजाराले एक पोतं पिशव्या बैलगाडीनं नेल्या," ते म्हणाले. "पोतं उघडलं तं सगळ्या पिशव्या कोऱ्या! नाव नाही, जात नाही. पोत्याच्या तळाशी निळा भुगा."

"मग?"

"मग काय? लाल अन् पांढऱ्याचं बी एकसारखंच काळं राह्यते, साहेब. कांदा धरंपर्यंत देवालेबी सांगता येत नाही."

पोतं तसंच परत आलं होतं. नामदेवरावांचं म्हणणं, त्यात सगळा पांढराच आहे, आपण स्वतः भरला. बहिणीचं म्हणणं, त्या दिवशी दुपारनंतर लाल भरायला घेतला होता, तेव्हा सांगता येत नाही. पुढच्या बाजाराला दोनच दिवस होते. गिऱ्हाईक पांढऱ्यासाठी खोळंबलं होतं आणि भावाला ते पोतं पांढरं म्हणून विकायचं होतं. बहीण विकू देत नव्हती. दोघं माझ्या निकालाची वाट पाहत होती, जणू मी बी चाखून सांगणार होतो.

अनसूयाबाई ओसरीवर उभ्या होत्या. बांधा ठेंगणा, नजर थेट. त्यांनी आधी माझा हात पाहिला.

"हे तुमचीच शाई काय, भाऊ?"

"हो."

"तुमच्या हाताले बरी धरते," त्या म्हणाल्या आणि पाट मांडायला आत गेल्या.

जेवायला ज्वारीची भाकर, बेसन (आपलं पिठलं), ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला पांढरा कांदा. कांदा गोड होता. मी तसं म्हटल्यावर त्यांनी आणखी एक फोडून ताटात टाकला.

जेवण झाल्यावर मी चौकशीला बसलो. इथे थोडं समजावून सांगायला हवं. प्लास्टिकच्या या कागदाला मुळात काहीच चिकटत नाही. पाणी टाका, मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. शाईचंही तेच. म्हणून कारखान्यात हा कागद विजेच्या बारीक ठिणग्यांच्या पडद्याखालून काढतात. तो जळत नाही की रंग बदलत नाही. फक्त त्याच्या अंगाला शाई धरून ठेवायची अक्कल येते. ठिणगी खाल्लेला कागद आणि न खाल्लेला, डोळ्यांना दोन्ही सारखेच. ओळखायची सोपी रीत म्हणजे पाणी. ते पसरलं तर ठिणगी लागली, गोळा झालं तर नाही.

छपाईसाठी काढून ठेवलेल्या पिशवीवर मी पाण्याचा थेंब सोडला. थेंब चटकन गोळा झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पिशव्या करणाऱ्या कारखान्यानं ठिणगी दिलेलीच नाही. आमची शाई सुटली. मनातल्या मनात मी अहवालाची पहिली दोन वाक्यं लिहूनही टाकली. केवळ शिस्त म्हणून न उघडलेल्या गठ्ठ्यातली एक पिशवी मागितली आणि तिच्यावर थेंब सोडला. तो तेलासारखा पसरला. तिच्यावर ठसा मारून, वाळवून, चिकटपट्टी लावून ओढली, तरी अक्षर हललं नाही.

कारखाना एक, खेप एक, पिशव्या सारख्या. मग फरक कुठे पडला? मी घाम पुसत परसात गेलो. तिथे दोरीवर पिशव्या वाळत होत्या, ओळीनं, उलट्या टांगलेल्या. खाली घमेल्यात राख होती आणि नारळाची शेंडी.

"हे काय?"

"धुतल्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "आतून-बाहेरून, राखेनं. कोनाकोनाचे हात लागून आलेली वस्तू. धुतल्याबिगर बियाले कशी लावू? बी म्हणजे लक्ष्मी हाये. आमी तं नवं गाडगंबी धुतल्याशिवाय भरत नाही."

ठिणगीची करामत कागदाच्या अगदी वरच्या सायीत असते, आणि ती साय राखेनं व शेंडीनं घासून निघाली होती. एवढ्या निगुतीनं घासली होती की कुठे ओरखडा दिसत नव्हता. मी त्यांना दोन्ही पिशव्यांवर पाणी टाकून दाखवलं. त्यांनी दोन्ही थेंबांना बोट लावून पाहिलं.

"म्हंजे माह्या कांद्याचं नाव म्याच पुसलं," त्या म्हणाल्या.

आवाज अगदी साधा होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंबईहून तीनशे मैलांवर येऊन मी एका नेकीनं काम करणाऱ्या बाईला तिची चूक दाखवली होती. आणि ती चूक तरी कसली? पिशव्या धुऊ नका, असं त्यांना कारखान्यानं सांगितलं नव्हतं, आम्हीही नाही. आपली वस्तू कुणी इतक्या मानानं वापरील, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नामदेवरावांना मात्र पोत्याची पडली होती. "पाह्य अक्का, चूक तुही निघाली. आता तं पोतं जाऊ दे. पांढराच हाये, मी सांगतो ना!"

"तुले माहीत हाये?"

"माहीत हाये!"

"मले नाही," त्या म्हणाल्या. "लोक माह्या नावावर वावर पेरतात. ते पोतं आपल्याच वावरात पेरू. कांदा धरला की दिसंल."

"अन् बीबीच्या लोकाईले काय सांगू?"

"सांग, अक्कानं पिशव्या धुतल्या."

मी सुचवलं की कोठीत जातवार राखलेलं बी आहे, ते न धुतलेल्या पिशव्यांत भरा. आधी ठसा मारा, मग पिशवी फक्त आतून नुसत्या पाण्यानं विसळून वाळवा. राख नको, शेंडी नको. दोघांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं ठसे मारत बसलो. माझा डावा हातही निळा झाला. बी भरायला घेतलं तेव्हा अनसूयाबाई आतून एक सूप घेऊन आल्या. त्यात कांद्याची वाळकी सालं होती, पांढरी एका बाजूला, लाल दुसऱ्या. प्रत्येक पिशवीत बियांवर त्या जातीचं एकेक साल ठेवून त्या तोंड बांधू लागल्या. पिशवी पारदर्शक, साल बाहेरून लख्ख दिसत होतं.

"आता ठसा टिकंल की!" मी म्हणालो, थोडा दुखावूनच.

"टिकंल ना, भाऊ. तुमचा ठसा वाचता येनाऱ्याले. हे बाकीच्याईले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. शिदोरीला भाकरी आणि चार पांढरे कांदे होते. चिखलीला तोच कंडक्टर भेटला. दोन्ही हात निळे पाहून त्यानं कोपरापासून नमस्कार केला.

मुंबईत अहवाल लिहिला: शाई निर्दोष, पिशव्या निर्दोष, दोष आपला, कारण पिशव्या धुऊ नयेत हे आपण कुणी कळवलं नाही. साहेबांनी शेवटलं वाक्य खोडलं आणि बाकीच्यावर सही केली. मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

होळी होऊन गेल्यावर कचेरीच्या पत्त्यावर एक जाडसर पाकीट आलं. उघडलं तशी आतून दोन सालं टेबलावर पडली. एक पांढरं होतं, एक लाल. सोबतच्या कागदावर नामदेवरावांच्या हातचा एवढाच मजकूर होता:

"त्या पोत्यात दोन्ही निघाले. अक्का माहीत नाही म्हणत होती, अन् मी माहीत हाये म्हणत होतो."