आबांची हरकत

आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी पेणला नववीच्या वर्गावर व्याकरण शिकवत होते. फोन खालांचा होता. खाला म्हणजे अष्टमीला आमच्या घराला लागून असलेल्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. दुपारी ओट्यावर मुलींना अरबी वाचायला शिकवतात. आई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहत होते, आणि त्यांच्यावर खालांचंच काय ते लक्ष असायचं.

दोन आठवड्यांनी आबांना दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. वाचाही गेली होती, फक्त दोन शब्द उरले होते.

"आबा, पाणी देऊ?"

"हरकत नाय."

"कुशीवर वळवू?"

"हरकत नाय."

"दुखतंय का कुठे?"

"हरकत नाय."

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूला इजा झाली की एखादा सवयीचा शब्दच तेवढा शिल्लक राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. "तुमच्या वडिलांचा शब्द सभ्य आहे, हे बरं," असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

आबांनी जन्मभर रोह्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. सकाळी अष्टमीचा पूल ओलांडून जायचे, संध्याकाळी बोटांना शाई घेऊन परत यायचे. त्यांचे हरकतीचे अर्ज नावाजलेले होते. बांधावरून, वाटणीवरून, खाजणातल्या पाण्याच्या वाटेवरून भांडणारी माणसं लांबून त्यांच्याकडे यायची. "सदर नोंदीस माझी सक्त हरकत आहे," हे वाक्य त्यांच्या गोल अक्षरात इतकं ठाम दिसायचं, की वाचणाऱ्याने उठून उभंच राहावं.

घरात मात्र त्यांची कशालाच हरकत नसायची. मला मुंबईला एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. काका ओटीवर बसून म्हणाले, "पोरीला एवढी लांब कशाला धाडायची? पेणचं स्थळ चांगलं हाय." मी दाराच्या आत उभी होते. आबांनी पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, "हरकत नाय." सहा महिन्यांत मी लग्न होऊन पेणला आले. पुढे बी.एड. केलं, नोकरीही लागली. पण ते दोन शब्द माझ्या मनातून कधी गेले नाहीत. आणि आता दर शनिवारी अर्धी शाळा करून गाडी पकडायची, रोह्याला उतरायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तेच दोन शब्द ऐकत बसायचं. माझं डोकं फिरायचं.

एका रविवारी मी त्यांना पेज भरवत होते. दर चमच्याला "हरकत नाय" चाललं होतं. चौथ्या चमच्याला त्यांनी सगळी पेज माझ्या अंगावर थुंकली. मी वाटी आदळली.

"नको असेल तर नको म्हणा ना! जन्मात एकदा तरी नको म्हणा!"

 आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून तेच. "हरकत नाय."

ओट्यावरचा मुलींचा आवाज थांबला. खाला आत आल्या. त्यांनी वाटीत बोट घातलं. "गरम हाय गो. तोंड भाजलं भाऊंचं." त्या आबांपाशी बसल्या, त्यांचा उजवा पंजा हातात घेऊन बोटं चोळली आणि मला विचारलं, "हातात काय हरकत आली काय गो?"

"खाला, चेष्टा करू नका. हरकतच तर ऐकतेय मी सकाळपासून."

"चेष्टा कशाला करीन? बोटं हलतात का म्हनून इचारलं."

दोघींची हरकत वेगळी आहे, हे त्यांच्या आधी लक्षात आलं. मग त्यांनी बाहेरून एका मुलीची पाटी मागवली आणि तिच्यावर एक अक्षर काढलं, होडीसारखं, खाली एक टिंब. "हा हरफ. हा मुका असतो. वर ही रेघ दिली, झबर, का झाला 'ब'. खाली दिली, झेर, का 'बि'. वर हा पेश दिला का 'बु'. ह्या खुणांना हरकत म्हनतात. हरकत म्हंजे हलनं. हरफाला हलवते ती हरकत. जो हलत नाय त्याच्यावर सुकून लिहितात."

वीस वर्षं मी मुलांकडून परभाषेतून आलेल्या शब्दांची यादी पाठ करून घेतली होती. अर्ज, हुकूम, जाहीर, हरकत: अरबी. परीक्षेत एक गुण. त्या शब्दाचा मूळ अर्थ काय, हे ना कधी कुठल्या मुलाने विचारलं, ना मी. हलणं! आणि आपल्याकडे येऊन त्याचा अर्थ झाला अडवणं. एकाने हात हलवला की दुसऱ्याचं काम थांबतं, बहुधा तिथूनच तो वळला असेल. एरवी मला अशा गोष्टीचा आनंद झाला असता. त्या दिवशी नुसता राग आला. साडीवर पेज सांडली होती, गाडीची वेळ होत आली होती आणि एवढं कळूनही आबांना काय हवंय ते कळत नव्हतंच.

"त्यांचे हरफ तेच राहिले गो," खाला उठताना म्हणाल्या. "तू वरखालच्या खुना ऐक."

मी ऐकायला लागले. दुसरा काही इलाजच नव्हता. तीनचार शनिवार गेले. 'क'वर जोर देऊन झटक्यात म्हटलं तर नको. शेवटचा 'नाय' लांबवला तर हवं. दोन्ही शब्द एका श्वासात, पडत्या आवाजात आले तर दुखतंय. मी हे सगळं वहीत लिहून काढलं आणि निडी गावाहून येऊन दिवसभर आबांना बघणाऱ्या बाईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं.

ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "व्हय. मला ठाव हाय ते."

"कधीपासून?"

"पयल्या म्हयन्यापासून. तुम्ही इचारलंच नाय."

त्याच दिवशी मी आबांना इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. काकांना तेव्हा तुम्ही अडवलं का नाहीत? माझ्या मुंबईला जाण्याला तुमची हरकत होती का? ते खिडकीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "हरकत नाय." ना जोर, ना लांबवणं, ना पडता आवाज. माझ्या वहीत तो प्रकार नव्हता. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

दिवाळीनंतर निडीच्या बाईला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम लागलं, शिफ्टची ड्युटी. तिला दोष कसा द्यायचा? मी कोलाडपासून धाटावपर्यंत दुसरी बाई शोधली. दोन आल्या, आठवड्यात गेल्या. खाला एकट्या किती करणार? शेवटी आबांना पेणला न्यायचं ठरवलं आणि त्यांच्याशेजारी बसून सांगितलं.

'क'वर जोर देऊन, झटक्यात, आबा म्हणाले, "हरकत नाय." मग परत तेच. आणि परत. डाव्या हाताने त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली होती.

"भाऊ नको म्हनतात गो," खाला दारातून म्हणाल्या.

"कळतंय मला, खाला."

इतके महिने मी ज्यासाठी जीव टाकत होते ते स्पष्ट 'नको' मला ऐकू आलं होतं, आणि ते मी मानलं नाही. गाडीवाल्याच्या मदतीने त्यांची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली. पूल मागे पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पेणला पहिला महिनाभर ते एक अक्षरही बोलले नाहीत. नंतर चहापुरतं बोलायला लागले. मागच्या महिन्यात खाला एकट्याच पॅसेंजरने आल्या, सुक्या बोंबलाची पुडी घेऊन. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर आबा सुरू झाले. तेच दोन शब्द, पण कधी भरभर, कधी रडवेले, कधी चिडून, थांबतच नव्हते. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. एवढं कळलं की तक्रार माझ्याबद्दल चालली आहे. खाला मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "पंखा थेट अंगावर येतो त्यांच्या. खाट जरा भिंतीकडे घे."

त्या गेल्यावर मी खाट सरकवली. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.