न उगवलेला घट

देवी खरंच ऐकते का, ही शंका मला लहानपणापासून होती आणि ती मी कधी लपवली नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर हॉर्मोन्स मोजणारी बाई मी, मला सगळंच तपासून पाहायचं असतं. २०१६च्या नवरात्रात इथे परदेशात, पापाकुरा गावातल्या आमच्या घरी घट बसवला तेव्हा माझी आयव्हीएफची इंजेक्शनं चालू होती. एएमएच हे अंड्यांच्या साठ्याचं हॉर्मोन फारच कमी, त्यामुळे हा शेवटचा प्रयत्न असं आम्ही ठरवलं होतं. मातीत गहू पेरले आणि रोज दोन्हीकडे कुतूहलाने पाहू लागले: अंडाशयात फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, किती वाढतात आणि घटात कोंब किती येतात.

पाचवी माळ चढली तरी माती काळीच. त्याच दिवशी स्कॅनमध्ये एकच फॉलिकल वाढलेलं दिसलं. थांबायचं की एका अंड्यासाठी पुढे जायचं, ते उद्या सांगा, असं डॉक्टर म्हणाल्या. पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओवर घट पाहिला. "असू दे गं, थंडी असेल तिकडे," म्हणाल्या, पण आवाज पडला होता. मला तर तो कौलच वाटला. खूप रडले आणि नवऱ्याला म्हटलं, "थांबूया."

सकाळी तेच सांगायला क्लिनिकमध्ये गेले. शेजारी लेकीसोबत आलेल्या एक गोऱ्या आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी "यू ओके, डिअर?" विचारलं आणि मी परक्या बाईला घटासकट सगळं सांगून टाकलं.

"गहू कुठून आणलास?"

"ओटाहुहूच्या इंडियन दुकानातून."

"मग तो कसा उगवेल? बाहेरून येणारं धान्य इथे रुजू नये म्हणून बऱ्याचदा तापवून आणतात. माझ्या कोंबड्यांचा गहू पेर, हीप्स आहे, ढिगाने."

मला हसूच फुटलं. मेलेला गहू पेरून मी देवीवर रुसले होते. आणि एएमएचवरून अंडी साधारण किती उरलीत ते कळतं, एखादं अंडं कसं आहे ते नाही, हे मीच मैत्रिणींना समजावत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. एवढ्यात त्यांच्या लेकीला आत बोलावलं, त्याही गेल्या. पुन्हा कधी भेटल्या नाहीत. मी रिसेप्शनच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, "पुढे जायचंय."

अंडं एकच मिळालं. आमची लेक ईरा त्याच अंड्याची. ते चांगलं का निघालं, हे मला आजही जाणून घ्यावंसं वाटतं, पण आता उत्तरासाठी अडून बसत नाही. त्या बाई त्याच सकाळी तिथे कशा, हेही विचारत नाही. हात जोडून एवढंच म्हणते: आई, एकच दिलंस. पुरलं.