एक माप मोठे बूट

आमच्याकडे मुलांना काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. युनिफॉर्म, स्वेटर, चपला, सगळं. पुण्याहून काँट्रॅक्टवर जपानला जाताना हा संस्कारही मी सामानाबरोबर नेला, आणि मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान आठवला की आता स्वतःची चीड येते.

टोकियोजवळ ग्योतोकुला राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. लेक नऊ वर्षांची, तिथल्याच शाळेत जाणारी. आमच्याशी बोलतानाही अर्धंअधिक जपानी. बायकोचं जपानी मात्र भाजी आणण्यापुरतं. त्या हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर सहकुटुंब स्कीइंगला जायचं ठरलं आणि लेकीने स्वतःच्या बुटांचा हट्ट धरला. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही तिघं ओचानोमिझुला स्कीच्या दुकानात गेलो.

दुकानदार साठीचा, मितभाषी. त्याने बुटाच्या आतलं मऊ अस्तर काढून ठेवलं, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात लेकीला पाय घालायला लावला, अंगठा पुढे टेकवायला सांगितला आणि टाचेमागे स्वतःची बोटं घालून पाहिली. दीड बोट जागा उरली की माप बरोबर, म्हणाला. मी म्हटलं, एक माप मोठे द्या, दोन हिवाळे निघतील. त्याने नाइलाजाने आणले. टाचेमागे तीन बोटं आरामात गेली. लोकरीचे दोन मोजे घालेल, असं मी सुचवलं. त्यावर तो गुडघ्यावर बसल्या बसल्याच मान वर करून म्हणाला, मोज्यांनी टाच धरली जात नाही. टाच हलली तर स्की तिचं ऐकणार नाही, एवढ्या मुलीच्या पायाला ते धोक्याचं आहे. अगदी सावकाश, परदेशी माणसाला कळेल असं बोलला तो. मला सगळं कळलं.

“काय म्हणतायत?” बायकोने विचारलं.

“चालेल म्हणतायत. मोजे जाड घाला म्हणाले.”

लेक बाकावर बसून आम्हा दोघांचंही ऐकत होती. तिला जपानी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. दुकानदाराने तिला विचारलं, टाच आत उचलली जाते का? तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ‘दाइजोबु’ म्हणाली, म्हणजे ठीक आहे. ती नजर अजून माझा पिच्छा सोडत नाही. पुण्यात परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी चपलांच्या दुकानात मी आत जात नाही, बाहेरच उभा राहतो.

बर्फावर ती जेवणाच्या सुट्टीआधीच पडली. मी मागे होतो. तिने वळायला पाय वळवला, तो बुटाच्या आतल्या आत फिरला आणि स्की सरळच गेली. घोट्याच्या वर हाड मोडलं, आणि जिथून हाड वाढतं नेमका तोच भाग दुखावला. उजवा पाय किंचित आखूड राहिला. आता ती मोठी झाली, नोकरी करते. जिन्यात तिची पावलं मला न बघता ओळखू येतात. एक पडतं, दुसरं जरा उशिरा पडतं. कधीकधी ती गावात नसतानाही ऐकू येतात.

पण खरं छळतं ते हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, बूट मापाचे होते का? मी तोंड उघडणार, इतक्यात खाटेवरून लेक जपानीत म्हणाली, बूट बरोबर होते, मीच बक्कल घट्ट लावलं नाही.

“काय म्हणाली?” बायकोने मला विचारलं.

या वेळी मी एक शब्दही बदलला नाही. “बूट बरोबर होते, मीच बक्कल घट्ट लावलं नाही, म्हणते.”

बायको तिला खूप रागावली. एवढं बजावून सांगितलं होतं, तरी वेंधळेपणा केलाच, म्हणाली. लेक छताकडे बघत ऐकून घेत होती आणि मी शेजारीच उभा होतो. सकाळी तिची तिन्ही बक्कलं मीच माझ्या हाताने लावली होती.