वाताच्या पुड्या

चंद्रावती रोहा-पेण एस.टी.वर कंडक्टर होती. वय अडतीस. त्या थंडीत सकाळी तिची बोटं आखडायला लागली. तिकिटाच्या मशीनची बटणं दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. वडखळपर्यंत ऊन वर आलं की हात जरा सुटायचे. फेरी काढून घेतील या भीतीनं तिनं कोणालाच सांगितलं नाही, अगदी नवऱ्याला, धाटावला कंपनीत जाणाऱ्या जगनलाही नाही.

एका प्रवासी बाईनं वाताच्या पुड्यांचा पत्ता दिला. तिसऱ्या दिवशी मूठ वळली! सासू ठमाबाई गुडघ्यांनी बेजार, शिवाय तिला साखरेचा त्रास. चंद्रावती तिलाही रोज एक पुडी द्यायला लागली. पाडव्याला ठमाबाई देवळापर्यंत चालत गेली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, "सुनंनं पाय दिलान मला!"

पुढं आषाढात ठमाबाईच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. जखम चिघळून काळी पडली. पेणच्या दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली.

"नवीन काही औषध चालू केलं?" डॉक्टर आसावरींनी विचारलं.

चंद्रावतीनं पिशवीतून पुडी काढून पुढं केली. "आम्ही दोघी घेतो." डॉक्टर पुडीपेक्षा तिच्या सुजलेल्या बोटांकडेच बघत राहिल्या.

"यात स्टेरॉइड असणार. दुखणं दबतं, साखर चढते. पण दोघींनीही एकदम बंद करू नका, मी हळूहळू कमी करते. आजींचे गुडघे वयानं झिजलेत. तुमचं मला वेगळं वाटतंय. रक्त तपासू."

रक्तात आमवात निघाला. शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं, डॉक्टरांनी समजावलं. त्याला औषध आहे, पण लवकर यायला हवं होतं.

ठमाबाईचा अंगठा कापावा लागला.

चंद्रावतीला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. गुण यायला अडीच महिने लागले. सकाळचं आखडणं कमी झालं, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. आगारात तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

ठमाबाईच्या पायाची पट्टी तीच बदलायची. एकदा तिला राहवलं नाही. "आई, मीच दिल्या तुम्हाला त्या पुड्या."

"व्हय, तूच दिल्यास." ठमाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. मग तिनं मान वळवली. "पण तुझे हात दुखत व्हते, ता मला का नाय सांगितलंस गो?"

चंद्रावती वाकड्या बोटांनी पट्टीची गाठ मारू लागली.